तुला काय बरं पडेल, हे विचारलं कुणी?

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गाळण्या, स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे असं वाण लुटून लुटून सगळ्यांची फडताळं भरली आहेत. म्हणून या खेपेला मी ठरवलं, फडताळात नाही तर डोक्यात राहील असं काहीतरी द्यायचं. आमच्या बचत गटाच्या बायकांना बोलावलं, आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना आणि आशाताईंनाही आग्रहाचं बोलावणं केलं. येताना त्या एक पेटी घेऊन आल्या.

तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि सिस्टरनी पेटी उघडली. निरोधची पाकिटं, माला-एन गोळ्यांची पानं, छाया गोळ्या, अंतरा इंजेक्शनची बाटली आणि एका पारदर्शक पाकिटात तांबी. बायकांत एकदम खसखस पिकली. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी उगाचच मुलांना हाका मारायला लागल्या. "सणासुदीचं हे काय बाई!" असंही एक जण म्हणाली. पण तबक हातोहात फिरलं. सत्तरी गाठलेल्या एका आजींनी तांबी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "एवढुशीच हाय व्हय ही? आन् आमी हिच्या भ्यानं चार-चार पोरं काढली!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण नंतर कितीतरी वेळ ते वाक्य डोक्यातून जाईना.

सगळ्या गेल्यावर शेजारच्या वहिनींची सून कपबश्या विसळायला म्हणून मागे राहिली. तेवीस वर्षांची पोर, मुलगी आठ महिन्यांची. नवरा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. नळ मोठा सोडून त्या आवाजात तिने हळूच विचारलं, "काकू, बाळंतपणानंतर पाळी अजून आलीच नाही. सासूबाई म्हणतात, पाळी येत नाही तोवर काही भीती नाही. खरंय का हो?"

माझा हात होता तिथेच थांबला. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या मनात होता, आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता.

मी बी.ए. झाले आणि त्याच उन्हाळ्यात, २००० साली, माझं लग्न झालं. २००१ मध्ये मुलगा झाला. अंगावर पाजत होते, पाळी आली नव्हती, म्हणून निर्धास्त होते. बाळ दहा महिन्यांचं असताना मळमळायला लागलं. वाटलं, पित्त झालं असेल. तपासायला गेले तर तीन महिने झालेले! मधे एकदाही पाळी न येता. मुलगी झाली तेव्हा मुलगा दीड वर्षाचाही नव्हता. लेक आज माझ्या गळ्यातला ताईत आहे, ते वेगळं. पण त्या दोन वर्षांत माझ्या अंगातलं रक्त गेलं, झोप गेली आणि बी.एड. करायचं मनात होतं तेही गेलं.

दुसऱ्या बाळंतपणात डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "दोन झाली. आता बांधून टाकू या." सासूबाईंनी मान हलवली. ह्यांनीही हो म्हटलं. मला सही येते, मी शिकलेली बाई. पण माझ्यापुढे आलेल्या कागदावर काय लिहिलंय, हे न वाचताच मी सही केली. मला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही काही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. पुढे त्रासही झाला नाही. ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती वेगळीच. "सध्या मूल नको" आणि "आता कधीच नको" या दोन्हींच्या मधे एवढा मोठा रस्ता आहे, हे मला कुणी दाखवलं नाही. आणि पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं, हे तर कुणी उच्चारलंही नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला कामं करावी लागतात, जड उचलावं लागतं." ह्यांची नोकरी टेबलावरची! जड म्हणाल तर पाण्याच्या घागरी मीच उचलत होते.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही, मैत्रिणींनो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या विवाहित बायकांना विचारलं गेलं. शंभरातल्या जवळपास ३८ जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. नवऱ्याने ऑपरेशन केलंय अशा किती? ०.३ टक्के. म्हणजे शंभर घरांत एक पुरुषसुद्धा धड नाही! निरोध वापरणारे साडेनऊ टक्के, गोळ्या घेणाऱ्या पाच आणि तांबी बसवलेल्या दोन टक्के. बाकीच्या साधनांची ओळखच होत नाही, तर निवड कुठून होणार?

आणि गंमत बघा, ही ओळख करून द्यायला सुरुवात झाली ती आपल्या महाराष्ट्रातच. महर्षी कर्वे आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पण त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव मला बी.ए.ला मराठी घेऊनही ठाऊक नव्हतं. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट पाहिला तेव्हा कळलं. रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. प्राध्यापकी सुटली, कोर्टात खटले झाले, लोकांनी नावं ठेवली. पत्नी मालतीबाईंनी साथ सोडली नाही. सरकारचा कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम त्यानंतर तीस वर्षांनी, १९५२ मध्ये आला. शंभर वर्षांपूर्वी एका जोडप्याने जे उघडपणे सांगितलं, ते आपण आजही नळाच्या आवाजात विचारतो!

असो. सूनबाईला मी बसवलं आणि आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तेच तुम्हालाही सांगते.

अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत, हे अर्धंच खरं. त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्याला फक्त आईचं दूध हवं, दिवसाही आणि रात्रीही, वरचं पाणी किंवा दूधसुद्धा नको. आणि पाळी सुरू झालेली नको. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. शिवाय बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर येते. म्हणजे पाळीची वाट बघत बसलं तर ती न येताच दिवस राहू शकतात, जसे माझे राहिले. सूनबाईची मुलगी आठ महिन्यांची, वरणभाताचं पाणी खाणारी. दोन अटी केव्हाच मोडल्या होत्या. ऐकून पोरीचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. सकाळच्या पहिल्या लघवीवर बघितलं. एकच रेघ आली. तिने देवाला हात जोडले, मी पण जोडले. "आता लगेच काहीतरी ठरवू या," म्हटलं. त्यासाठी काय काय आहे ते आधी समजून घ्यायला हवं ना?

सगळ्यात सोपा निरोध. दवाखान्यात फुकट मिळतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, बाईच्या शरीरात काही जात नाही. आणि एड्ससारख्या लागट रोगांपासून वाचवणारं हे एकच साधन आहे. बाकी कुठलंही साधन तेवढं करत नाही. मात्र तो प्रत्येक वेळी, सुरुवातीपासून वापरायला हवा. "आजच्या दिवस राहू दे" म्हटलं की गडबड झालीच.

मग रोजची गोळी, सरकारी दवाखान्यात माला-एन. पानात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ औषधाच्या, शेवटच्या ७ लोहाच्या. रोज ठरलेल्या वेळी एक, खंड न पाडता. आमच्या गटातली एक जण नवरा घरी असेल तेवढ्याच दिवशी गोळी घ्यायची, आणि "गोळ्या खाऊनसुद्धा दिवस गेले" म्हणून गोळीला दोष द्यायची! गोळी रोजच घ्यायची असते, नवरा गावाला गेलेला असला तरी. एक विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. दोन किंवा जास्त विसरल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा. सुरुवातीला थोडं मळमळतं, मग बहुतेकींचं थांबतं. पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, रक्तदाब जास्त असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, स्तनाचा कॅन्सर असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर ही गोळी आपली नव्हे. पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईनेही ती घेऊ नये. म्हणून मैत्रिणीचं पान उसनं आणून सुरू करायचं नाही. आधी रक्तदाब तपासून घ्यायचा.

तिसरी आहे छाया. ही आपल्या देशातच, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी. बाजारात ती १९९१ पासून 'सहेली' नावाने आली. हिच्यात हार्मोन्स नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. हिने काहींची पाळी लांबते, त्याने घाबरायला होतं. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासून घ्यावं. कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, अंडाशयात गाठी असतील तर डॉक्टर ही गोळी देत नाहीत.

चौथं अंतरा, म्हणजे इंजेक्शन. सरकारी दवाखान्यांतून ते २०१७ पासून मिळायला लागलं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. बाळ दीड महिन्याचं झालं की पाजणारी आईही घेऊ शकते. घेतलेल्या जागी चोळायचं नाही, शेकायचंही नाही. यात पाळी बिघडते. आधी मधूनमधून डाग दिसतात, पुढे कित्येकींची पाळी थांबते. रक्त आत साठतं, पोटात गाठ होते असं बायका म्हणतात, तसं काही होत नसतं. अस्तरच पातळ राहतं, म्हणून येत नाही. आणि लक्षात ठेवा, इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्याच वर्षी मूल हवं असेल तर हा हिशोब आधी करायला हवा.

पाचवी आजींची तांबी! टी आकाराची, प्लॅस्टिकवर तांब्याची तार गुंडाळलेली. एक पाच वर्षं चालते, एक दहा वर्षं. ती कधीही काढता येते, आणि काढली की दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. ती काळजात जाते, नवऱ्याला टोचते, तिने कॅन्सर होतो, हे सगळं मी पण ऐकलंय. तांबी बसते गर्भपिशवीत, आणि पिशवीतून काळजाकडे जायला वाटच नाही. हां, पहिले तीन ते सहा महिने पाळीला जास्त जातं, पोट दुखतं, हे मात्र खरं. ज्यांना मुळातच खूप जातं किंवा अंगात रक्त कमी आहे, त्यांनी ते आधी सांगायला हवं. आत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा झाल्याशिवाय बसवत नाहीत. बसवल्यावर पाळी चुकली, पोटात फार दुखलं, ताप आला, दोरा हाताला लागेनासा झाला तर लगेच दाखवायचं.

आता ऑपरेशन. बाईच्या ऑपरेशनमध्ये पिशवी काढत नाहीत, फक्त नळ्या बंद करतात. पाळी नेहमीसारखी येत राहते. पिशवी काढणं हा वेगळाच, मोठा प्रकार आहे आणि मूल नको म्हणून पिशवी कधीही काढायची नसते. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांचं. पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो. ताकद, इच्छा, यात काही फरक पडत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून खात्री करायची. ही तपासणी चुकवली की मग संशयकल्लोळ होतो आणि बाईच्या चारित्र्यावर बोट येतं. म्हणून ती चुकवू नका.

दोन्ही ऑपरेशनं कायमची समजूनच करायची. उलटं ऑपरेशन होतं, पण ते अवघड असतं आणि मूल होईलच याची खात्री नसते. सरकारी नियमात बाईची स्वतःची संमती लागते; नवऱ्याची सही सक्तीची नाही. आणि घाईगर्दीच्या शिबिरात तर मुळीच जाऊ नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली, आणि त्यानंतर दहाहून जास्त बायका दगावल्या. कुणाच्या तरी आया होत्या त्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ऑपरेशन रुग्णालयात, सगळ्या तपासण्या करून, आपण समजून घेऊन करायचं असतं.

आता राहिले घरगुती हिशोब. "आम्ही सांभाळून घेतो," असं पुष्कळ जणी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांवरून सांगते. रोजच्या वापरातल्या चुकाभुला धरून, वर्षभरात शंभर जणींमागे असं 'सांभाळून' घेणाऱ्या सुमारे २० जणींना दिवस राहतात. निरोध वापरला तर १३, रोजच्या गोळीला ७, इंजेक्शनला ४. तांबी आणि ऑपरेशनमध्ये एकही धड नाही. पाळीचे दिवस मोजणाऱ्यांचं तर बऱ्याचदा गणितच उलटं असतं. पाळीच्या मधले दिवस सुरक्षित, असं कितीतरी जणींना वाटतं. खरं तर तेच धोक्याचे! पाळी नेमाने २६ ते ३२ दिवसांनी येत असेल, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत सांभाळायचं असतं. पाळी मागेपुढे होणाऱ्या बाईने या हिशोबावर विसंबूच नये.

आणि चूक झालीच तर? निरोध फाटला, गोळ्या विसरल्या, तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मेडिकलमध्ये मिळते, आशाताईंकडेही मिळते. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. ही गर्भ पाडायची गोळी नव्हे. ती बीज सुटणं लांबवते. पण दर वेळी तीच घ्यायची, असं करू नका. गर्भ पाडायची औषधं वेगळी आहेत, आणि ती डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून आणून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. अति रक्त जाऊन, किंवा गर्भ नळीत असल्याचं न कळून बायका दगावल्या आहेत. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून कायद्याने करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, साधन फसून दिवस राहिले असतील तर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने तो होऊ शकतो, आणि बाई लग्न झालेलीच हवी अशी अट त्यात राहिलेली नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मग लपूनछपून कशाला जायचं?

माझ्या वयाच्या मैत्रिणींसाठीही एक शब्द. चाळिशी उलटली, पाळी दोन-दोन महिने येत नाही, म्हणून साधन सोडून देणाऱ्या खूप आहेत. लेकीच्या लग्नाच्या वयात आईला दिवस गेले, हे मी गल्लीत पाहिलंय. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष सांभाळायला हवं.

हे सगळं सूनबाईला सांगून झाल्यावर मी माझा निर्णय देऊन टाकला. "तू आपली तांबी बसव. नवरा पंधरा दिवसांनी येणार, रोजची गोळी तुझ्याच्याने होणार नाही. तांबी बसवली की पाच वर्षं बघायला नको." मला वाटलं, केवढं शहाणपणाचं बोलले!

आम्ही दोघी गावातल्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी केसपेपर समोर ओढला आणि माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "तुला काय बरं पडेल? आणि का?"

पोर आधी गप्प बसली. मग हळूहळू बोलायला लागली. लग्नाआधीपासून तिला पाळीला खूप जायचं. बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं. परवा उपकेंद्रात तपासलं तर नऊच निघालं. दुसरं मूल तिला हवंय, पण मुलगी तीन-चार वर्षांची झाल्यावर. इंजेक्शनने पाळी बंद झाली तर घरात दहा प्रश्न विचारतील, ते नको. "आठवड्याची गोळी असते ना, ती जमेल," ती म्हणाली. "माझा सोमवारचा उपास असतो. तो मी कधी विसरत नाही."

मी खाली मान घालून बसले. शेजारी राहते, रोज चार वेळा दिसते, पण तिचं रक्त नऊ आहे हे मला माहीत नव्हतं. कारण मी तिला विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले होते. वीस वर्षांपूर्वी माझ्या कॉटशेजारी उभं राहून "बांधून टाकू या" म्हणणारे डॉक्टर, आणि "तांबीच बसव" म्हणणारी मी, आमच्यात फरक तो काय राहिला?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कावीळ वगैरे काही झालं होतं का ते विचारलं, आणि छाया लिहून दिली. पहिले तीन महिने सोमवार आणि गुरुवार, पुढे दर सोमवारी. बरोबर लोहाच्या गोळ्याही दिल्या. "नाही मानवलं तर परत ये, दुसरं काही बघू. एकदा घेतलं म्हणजे जन्माचं बांधून घेतलं असं नाही," असंही सांगितलं. हे वाक्य मला फार आवडलं. लग्न नवं असताना एक साधन बरं पडतं, पाजत्या आईला दुसरं, दोन मुलं झाल्यावर तिसरं. आपलं शरीर बदलतं, घर बदलतं, मग साधनही बदललं तर बिघडलं कुठे?

घरी आल्यावर सासूबाईंचं काय, हा प्रश्न होताच. त्यांच्याशी मीच बोलले. म्हटलं, "वहिनी, सुनेचं रक्त नऊ आहे. लगेच दुसरं राहिलं तर दोघांनाही झेपायचं नाही." वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या दोघांत सव्वा वर्षाचं अंतर होतं गं. एक कडेवर, एक पोटात, आणि शेतात खुरपायला जायचं. मला कुठं कोण विचारायला होतं?" डोळे पुसून आत गेल्या आणि सुनेसाठी खजूर काढून दिला. नवऱ्याला तिने स्वतःच फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." आता तो येतो तेव्हा सोमवारी आठवण करून देतो म्हणे!

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही अशी एखादी सून असेल, लेक असेल, भाची असेल. तिला सल्ला द्यायच्या आधी एवढे चार प्रश्न विचारा. मूल कधी हवंय? अंगावर पाजतेस का? काही आजार, रक्त कमी, रक्तदाब असं आहे का? आणि रोज, आठवड्याला की तीन महिन्यांनी, तुझ्या लक्षात काय राहील? ही चार उत्तरं घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तिथे खुर्चीवर बसा, पण बोलू तिला द्या.

उद्या सोमवार आहे. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना सूनबाई दिसेल. पलीकडून ती नुसती मान हलवते. घेतली, असा त्याचा अर्थ. आमच्या गल्लीत हे आम्हा दोघींनाच कळतं.